पगार एकीकडे, भाषा दुसरीकडे : नांदेड-लातुरातील इंग्रजी शिक्षकाच्या दोन वाटा

इंग्रजी शिकवणाऱ्याने सरकारी शाळेत नोकरी धरावी की खाजगी संस्थेच्या शाळेत, हा प्रश्न नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत आज पगार, बदली आणि निवृत्तिवेतन यांच्या हिशेबाने सोडवला जात असला, तरी त्यामागे शंभर वर्षांचा एक गुंतागुंतीचा इतिहास आहे आणि तो पुण्या-मुंबईच्या शैक्षणिक इतिहासाहून बराच वेगळा आहे. पश्चिम महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षणाचा भार मुख्यतः खाजगी संस्थांनी उचलला आणि सरकार अनुदान देऊन बाजूला राहिले. मराठवाड्यात मात्र सरकार आणि खाजगी संस्था यांच्यातील संबंध आधी संशयाचा, मग संघर्षाचा आणि शेवटी एकाच तिजोरीवर अवलंबून असलेल्या दोन भागीदारांचा झाला. या प्रवासात इंग्रजी विषयाची जागा सतत बदलत राहिली. परंतु एक गोष्ट बहुधा कायम राहिली, ती अशी की ज्या शाळेत शिक्षकाला स्थैर्य होते त्या शाळेत लोकांना हवी असलेली भाषा नव्हती, आणि जिथे लोकांना हवी असलेली भाषा होती तिथे शिक्षकाला स्थैर्य नव्हते.

मराठवाडा स्वातंत्र्यापूर्वी निझामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि या संस्थानाची लोकसंख्या भाषेच्या दृष्टीने तेलुगू, मराठी, कन्नड आणि उर्दू अशी विभागलेली होती. तिच्यात मराठी भाषकांचा वाटा साधारण चौथ्या हिश्श्याचा असूनही, १८८० च्या दशकात फारसीच्या जागी उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाल्यावर शिक्षणाची वरची पायरी उर्दूकडे झुकली. सरकारी शाळांची उतरंड तीन पायऱ्यांची होती : प्राथमिक शाळा म्हणजे तहतानिया, मधल्या इयत्तांची शाळा म्हणजे वस्तानिया आणि मॅट्रिकपर्यंतची शाळा म्हणजे फोकानिया. पहिल्या पायरीवर मराठीला जागा होती, पण मूल जसजसे वर चढे तसतशी त्याची भाषा मागे पडे आणि इतिहास, भूगोल, गणित हे विषय त्याला उर्दूतून शिकावे लागत. इंग्रजी हा विषय मधल्या इयत्तांपासून शिकवला जाई. म्हणजे नांदेडच्या किंवा औशाच्या मराठी मुलाला इंग्रजीचा धडा समजून घेण्यासाठी आधी उर्दूचा उंबरठा ओलांडावा लागे. शिक्षकाला, म्हणजे त्या काळच्या ‘मुदर्रिस’ला, सरकारी पगार नियमित मिळे, गावात त्याला मान असे आणि पेन्शनची शाश्वती असे. पण मराठी घरातून आलेल्या तरुणाला ही नोकरी मिळवायची तर उर्दूवर हुकमत हवी आणि राजनिष्ठेबद्दल शंका नको, अशा दोन अटी होत्या, त्यांपैकी दुसरी कुठल्याही जाहिरातीत लिहिलेली नसे.

१९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले आणि हिंदुस्थानातील एका देशी भाषेतून थेट पदवीपर्यंत शिकवण्याचा प्रयोग तिथे झाला. या प्रयोगाचे शैक्षणिक मोल नाकारण्याचे कारण नाही. वैद्यक आणि अभियांत्रिकीसारखे विषय देशी भाषेत आणण्यासाठी तिथल्या भाषांतर विभागाने केलेले काम आजही अभ्यासण्यासारखे आहे. परंतु ती देशी भाषा संस्थानातील बहुसंख्यांची नव्हती, हेही तितकेच खरे. उस्मानियात इंग्रजी हा सक्तीचा विषय होता, त्यामुळे इंग्रजी शिक्षकाची गरज होतीच. मात्र इंग्रजी माध्यमातून पुढे जायचे असेल तर हैदराबाद शहरातील निझाम कॉलेज होते, ते मद्रास विद्यापीठाशी जोडलेले होते. एकाच राज्यात अशी दुहेरी वाट होती आणि इंग्रजी माध्यमाची वाट प्रामुख्याने राजधानीतून जात असल्यामुळे कंधार, देगलूर, अहमदपूर किंवा निलंग्याच्या मुलाला ती दुरूनच दिसे.

या ठिकाणी रेल्वेचा नकाशा लक्षात घेण्यासारखा आहे. मनमाड ते सिकंदराबाद हा गोदावरी खोऱ्यातील लोहमार्ग १९०० साली पुरा झाला आणि नांदेड थेट हैदराबादेशी बांधले गेले. लातूरला मात्र १९११ मध्ये पोहोचली ती बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी, आणि बार्शी म्हणजे सोलापूर जिल्हा, म्हणजे ब्रिटिश मुलूख. त्यामुळे नांदेडच्या सुस्थितीतील घरातला मुलगा उच्च शिक्षणासाठी हैदराबादला जाण्याची शक्यता अधिक, तर लातूरच्या पेठेतल्या व्यापाऱ्याचा किंवा वकिलाचा मुलगा बार्शी-सोलापूरमार्गे पुण्याकडे वळण्याची शक्यता अधिक होती. मुंबई इलाख्यात मराठी मुलगा मराठीतून आणि इंग्रजीतून शिकत असे, उर्दूचा मधला टप्पा त्याला नव्हता. लातूर पुढे शिक्षणाच्या बाजारपेठेचे गाव झाले त्याची सगळी कारणे या गाडीत शोधणे चूक ठरेल. तरीही परमुलखातील शाळा पाहून आलेल्या लोकांची एक पिढी तिथे आधीपासून होती, हे कारण अगदीच बाजूला सारण्यासारखे नाही.

संस्थानातील खाजगी मराठी शाळा ही या परिस्थितीला दिलेली प्रतिक्रिया होती. हैदराबाद शहरात विवेकवर्धिनी, औरंगाबादेत १९१५ साली स्थापन झालेली सरस्वती भुवन, सेलूचे नूतन विद्यालय, मोमिनाबादचे म्हणजे आजच्या अंबाजोगाईचे योगेश्वरी विद्यालय अशा शाळा वर्गणी आणि देणग्यांवर उभ्या राहिल्या. त्या काढायला सरकारची परवानगी लागे. ‘गश्ती’ म्हणजे सरकारी परिपत्रक, आणि सभा-संमेलनांवर बंधन घालणारी गश्ती निशाण ५३ संस्थानात जितकी कुप्रसिद्ध होती, तितकाच खाजगी शाळांवरील नियमांचा काचही संस्थाचालकांच्या अनुभवाचा होता. तपासणीला येणारा अधिकारी पटांबरोबरच भिंतीवरच्या तसबिरीही पाही. अशा शाळेतील शिक्षकाला पगार कमी, तोही वर्गणी जमेल तसा. निवृत्तिवेतनाचा प्रश्नच नव्हता. मग तिथे कोणी का जावे? कारण तिथे मराठीतून शिकवता येई, इंग्रजी पुस्तकांतून जगातल्या घडामोडी मुलांपुढे मांडता येत आणि शिक्षकाचे काम हे राष्ट्रकार्य मानले जाई. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकात सरकारी की खाजगी ही निवड पगाराची नव्हती. ती बाजू निवडण्याची होती.

याचे सर्वांत ठळक उदाहरण लातूरच्या शेजारचे आहे. तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगा या लहानशा खेड्यात १९२१ साली व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी राष्ट्रीय शाळा सुरू केली. १९२९ मध्ये तिथे मुख्याध्यापक म्हणून आले ते व्यंकटेश भगवानराव खेडगीकर, जे १९३२ मध्ये संन्यास घेतल्यावर स्वामी रामानंद तीर्थ या नावाने ओळखले जाऊ लागले. त्यांनी पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठातून शिक्षण घेतले होते आणि कामगार नेते ना. म. जोशी यांच्याबरोबर काम केले होते. इंग्रजीवर त्यांचे इतके प्रभुत्व होते की हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या आपल्या आठवणी त्यांनी पुढे इंग्रजीतच लिहिल्या. इतका इंग्रजी जाणणारा माणूस मुंबईत किंवा एखाद्या सरकारी कचेरीत सुखाने राहू शकला असता. त्याऐवजी त्यांनी रस्ता नसलेल्या खेड्यातील, सरकारच्या नजरेत खुपणारी शाळा पत्करली आणि पुढे योगेश्वरी विद्यालयात अध्यापन करून १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहासाठी शाळाही सोडली. उदगीर तेव्हा बीदर जिल्ह्यात होते. तिथे आर्य समाजाचे काम करणारे श्यामलाल १९३८ मध्येच बीदरच्या तुरुंगात मरण पावले आणि उदगीरच्या शैक्षणिक संस्थेला पुढे त्यांचेच नाव मिळाले. या भागात शाळेच्या पाटीवर हुतात्म्याचे नाव असणे ही उगाच पाळलेली रीत नाही.

त्याच वर्षी उस्मानिया विद्यापीठात आणि औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजात वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला, विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले आणि त्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. एका अर्थाने ही माध्यमाची सक्तीची अदलाबदल होती, कारण उर्दूतून शिकलेल्या या मुलांना नागपूरला इंग्रजीतून परीक्षा द्याव्या लागल्या. मराठवाड्यात स्वातंत्र्यानंतर वकील, प्राध्यापक आणि संस्थाचालक म्हणून काम केलेल्या पिढीतील अनेकांचे इंग्रजी असे निर्वासनात पक्के झाले.

सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईत संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर चित्र झपाट्याने पालटले, पण ते कुणाच्या अपेक्षेप्रमाणे पालटले नाही. उर्दू माध्यम गेले आणि त्या जागी वरच्या शिक्षणात मराठी येण्याऐवजी इंग्रजी आले, कारण उस्मानिया विद्यापीठाने आपले माध्यम इंग्रजी केले आणि मराठवाड्यातील महाविद्यालये त्या वेळी त्यालाच जोडलेली होती. १९५० मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने नांदेड एज्युकेशन सोसायटीचे पीपल्स कॉलेज सुरू झाले. त्याच वर्षी औरंगाबादला डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने महाविद्यालय सुरू केले, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. ज्यांनी मातृभाषेसाठी शाळा चालवल्या त्यांनाच आता इंग्रजीत शिकवणारे प्राध्यापक शोधावे लागले आणि ते मराठवाड्यात पुरेसे नव्हते. नागपूर, पुणे, हैदराबाद येथून माणसे आणावी लागली. शाळांची अवस्था याहून बिकट होती, कारण उर्दूतून शिकून तयार झालेल्या शिक्षकाला आता मराठीतून शिकवायचे होते आणि इंग्रजीही सुधारायचे होते. नरहर कुरुंदकर यांच्यासारखा विद्वान नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक म्हणून काम करून नंतर पीपल्स कॉलेजात गेला आणि तिथे प्राचार्य झाला, यावरून त्या काळच्या खाजगी शाळेचा बौद्धिक दर्जा कळतो. सरकारी शाळेत त्यांचे काय झाले असते हा केवळ कल्पनेचा विषय आहे, परंतु तिथे त्यांना मोकळेपणाने बोलू दिले गेले असते असे वाटत नाही.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके बीदरमधून उस्मानाबाद जिल्ह्यात, किनवट आदिलाबादमधून नांदेड जिल्ह्यात आले. (लातूर जिल्हा उस्मानाबादमधून वेगळा झाला तो १९८२ मध्ये.) शिक्षकांच्या दृष्टीने या बदलाचा अर्थ असा की नोकरीचे नियम, पाठ्यपुस्तके आणि परीक्षा मंडळ या साऱ्या गोष्टी एकाच पिढीच्या सेवाकाळात दुसऱ्यांदा बदलल्या. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्याच वर्षी हैदराबादला केंद्र सरकारने इंग्रजी अध्यापनाची केंद्रीय संस्था काढली, परंतु तोवर मराठवाडा हैदराबादपासून प्रशासकीयदृष्ट्या तुटला होता.

यानंतरची महत्त्वाची तारीख १ मे १९६२ ही होय. त्या दिवशी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. हे सगळ्या राज्यात झाले. मराठवाड्याचे वेगळेपण असे की निझामाच्या काळापासून सरकार स्वतः माध्यमिक शाळा चालवत आले होते आणि त्याही जिल्हा परिषदेच्या वाट्याला आल्या. अशा शाळेला येथे ‘प्रशाला’ म्हणतात. सातारा-सांगलीकडील माणसाला जिल्हा परिषदेची शाळा म्हटले की सातवीपर्यंतची प्राथमिक शाळाच डोळ्यांपुढे येते. नांदेड-लातुरात मात्र दहावीपर्यंतची प्रशाला ही तालुक्याच्या गावची जुनी, दगडी इमारतीची, मोठ्या पटांगणाची संस्था असे आणि नांदेडच्या वजिराबादेतील मल्टिपर्पज हायस्कूल हे अशा सार्वजनिक माध्यमिक शाळेचे सर्वपरिचित उदाहरण आहे. त्यामुळे इथल्या इंग्रजी शिक्षकापुढे माध्यमिक स्तरावरही सरकारी आणि खाजगी अशी खरी निवड होती, जी राज्याच्या इतर अनेक भागांत फारशी नव्हती.

याच काळात खाजगी संस्थांचे रूप बदलले. कंधारला भाई केशवराव धोंडगे यांनी श्री शिवाजी मोफत एज्युकेशन सोसायटी उभी केली आणि संस्थेच्या नावातच ‘मोफत’ हा शब्द घालून आपला हेतू जाहीर केला. नांदेडला शंकरराव चव्हाण यांच्या प्रेरणेने शारदा भवन एज्युकेशन सोसायटीने १९६३ मध्ये यशवंत महाविद्यालय सुरू केले. लातूरला १९६१ मध्ये दयानंद महाविद्यालय आणि १९७० मध्ये राजर्षी शाहू महाविद्यालय निघाले. खेड्यापाड्यांत शाळा नेण्याचे श्रेय या संस्थांना द्यावेच लागते, कारण सरकार एकट्याने ते काम करू शकले नसते. पण आता खाजगी शाळा लोकवर्गणीवर चालत नव्हती; मान्यता मिळाल्यावर शिक्षकांचे वेतन शासन देऊ लागले आणि इमारत, प्रशासन व नेमणूक संस्थेकडे राहिली. यालाच ‘खाजगी अनुदानित’ म्हणतात, आणि या रचनेत पैसा सार्वजनिक, पण माणूस निवडण्याचा अधिकार खाजगी, असा जो सांधा तयार झाला तो पुढच्या बहुतेक तक्रारींचे मूळ आहे. शिक्षकांना मनमानीपासून संरक्षण देण्यासाठी १९७७ चा खाजगी शाळा कर्मचारी सेवाशर्ती अधिनियम आला आणि १९८१ मध्ये त्याचे नियम झाले. त्यामुळे कायम झालेल्या शिक्षकाला सहजासहजी काढता येईना. मात्र कायम होण्याआधी काय द्यावे लागते, याबद्दल या भागात उघडपणे बोलले जाई आणि लिहिले क्वचितच जाई. नेमणुकीसाठी संस्थेला द्यायच्या रकमेला बोलीभाषेत ‘डोनेशन’ हे सभ्य नाव मिळाले होते.

साधारण १९८० ते २००० या वीस वर्षांत पदवीधर इंग्रजी शिक्षकाचा हिशेब पुढीलप्रमाणे असे. वेतनश्रेणी दोन्हीकडे सारखी. जिल्हा परिषदेत निवड गुणांवर, पण नोकरी लागल्यावर बदली ठरलेली. देगलूरला घर आणि किनवटला शाळा, किंवा औराद शहाजानीचा शिक्षक अहमदपूरच्या टोकाला, ही नित्याची गोष्ट. त्यातच जनगणना, मतदार याद्या, निवडणुका ही कामे त्याच्याच माथी. खाजगी अनुदानित शाळेत माणूस तीस वर्षे एका गावात राहू शके, घर बांधे, शेती पाही, शिकवणी घेई. पण संस्थेच्या कार्यक्रमाला, निवडणुकीच्या प्रचाराला आणि उन्हाळ्यात गावोगाव विद्यार्थी गोळा करायला त्याला जावे लागे, कारण पट घसरला की तुकडी जाते आणि तुकडी गेली की शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो. दरवर्षी पटावरून पदे निश्चित करणाऱ्या या प्रक्रियेला ‘संचमान्यता’ म्हणतात, आणि मराठवाड्यातील शिक्षकाच्या आयुष्यात या शब्दाला लग्नाच्या मुहूर्ताइतके महत्त्व आहे. इंग्रजीचा शिक्षक या बाबतीत इतरांहून सुरक्षित असे. तो संस्थेला हवाच असे, कारण दहावीचा निकाल इंग्रजीत आणि गणितात अडकतो हे सर्वांना ठाऊक होते.

निकालाच्या या चिंतेतूनच लातूरची पुढची कीर्ती जन्माला आली. राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे हे स्वतः इंग्रजीचे प्राध्यापक आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याचे अभ्यासक होते. १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा त्याचे पहिले कुलगुरूही तेच झाले. त्यांच्या महाविद्यालयात १९८० च्या दशकात जी शिस्तबद्ध पद्धत घडली, म्हणजे अभ्यासक्रम लवकर संपवणे, पुनःपुन्हा सराव परीक्षा घेणे आणि विद्यार्थ्याची चूक वैयक्तिकपणे दाखवणे, तिला पुढे ‘लातूर पॅटर्न’ हे नाव पडले. या पद्धतीची खूप स्तुती झाली आहे आणि घोकंपट्टी म्हणून तितकीच टीकाही. इंग्रजीच्या दृष्टीने मात्र एक गोष्ट दुर्लक्षित राहिली : खेड्यातील मराठी माध्यमाचे मूल अकरावीत विज्ञानाला आले की त्याला भौतिकशास्त्र आणि जीवशास्त्र इंग्रजीतून शिकावे लागे, आणि पॅटर्नचा बराचसा भाग हा प्रत्यक्षात भाषेचा खड्डा बुजवण्याचा होता. ते काम अनुदानित महाविद्यालयाच्या शिक्षकांनी केले. पुढे हाच अनुभव खाजगी शिकवणी वर्गांनी उचलला आणि लातूर-नांदेडच्या रस्त्यांवर त्यांच्या पाट्या लागल्या. तिथे इंग्रजीचा शिक्षक फारसा उरला नाही, कारण वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेत इंग्रजी हा विषयच नाही. शालेय स्तरावर हा खड्डा आधीच भरून काढण्याचा उपाय म्हणून गणित आणि विज्ञान इंग्रजीतून व बाकीचे विषय मराठीतून शिकवणारी ‘सेमी इंग्रजी’ तुकडी लोकप्रिय झाली. तिला भाषातज्ज्ञांनी फारसे उचलून धरलेले नाही, पण पालकांनी धरले, आणि अनुदानित शाळांना त्यामुळे पट टिकवता आला.

२००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी हा विषय सुरू झाला. तोवर तो पाचवीपासून होता. मुख्यमंत्री लातूर जिल्ह्यातील बाभळगावचे विलासराव देशमुख आणि शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे होते. ग्रामीण मुलाला शहरी मुलाच्या बरोबरीने इंग्रजी मिळाले पाहिजे, ही मोऱ्यांची भूमिका होती आणि मराठीच्या अभ्यासकांपैकी अनेकांचा तिला विरोध होता. निर्णयाचा हेतू समतेचा असला तरी तो अमलात आणणारा शिक्षक होता दोन शिक्षकी वस्तीशाळेतला, जो स्वतः पाचवीत पहिल्यांदा ए-बी-सी-डी शिकलेला होता. त्याने जमेल तसे शिकवले. पालकांनी मात्र या निर्णयातून वेगळाच अर्थ काढला : सरकारच जर पहिलीपासून इंग्रजी हवे म्हणत असेल, तर थेट इंग्रजी माध्यमच का नको? त्याच सुमारास सरकारने नव्या शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर, म्हणजे कधीही अनुदान न मागण्याच्या अटीवर, परवानग्या द्यायला सुरुवात केली होती. २००९ मध्ये ‘कायम’ हा शब्द काढण्यात आला, पण तो बदल इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या उपयोगाचा नव्हता. त्यांचा मार्ग २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा अधिनियमाने आणखी मोकळा केला. तालुक्याच्या गावी पिवळ्या बस दिसू लागल्या आणि जिल्हा परिषद शाळेतला पट वर्षागणिक आटू लागला.

पट आटत असताना कागदावर मात्र तो भरलेला दिसत होता, आणि हे प्रथम मोठ्या प्रमाणावर उघड झाले ते नांदेड जिल्ह्यात. तत्कालीन जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी आधी परीक्षांतील कॉपी रोखण्याची मोहीम घेतली आणि २०११ मध्ये शाळांच्या पटाची अचानक पडताळणी केली, तेव्हा हजेरीपटावर असलेली मुले मोठ्या संख्येने वर्गात नव्हती. हा अनुभव पाहून शासनाने ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत सगळ्या राज्यात पटपडताळणी केली आणि सुमारे २० लाख विद्यार्थी केवळ कागदावर असल्याचे समोर आले. तुकड्या गेल्या, शिक्षक अतिरिक्त झाले, आणि त्यांचे समायोजन होईपर्यंत नवी भरती करू नये असा आदेश २ मे २०१२ रोजी निघाला. नांदेडच्या पडताळणीने राज्यातील शिक्षकभरतीची दिशा बदलली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये. बी.एड. करून बसलेली इंग्रजीच्या पदवीधरांची एक अख्खी पिढी या बंदीत सापडली, आणि तिच्यापुढची निवड सरकारी की खाजगी अशी न राहता इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मिळेल त्या पगारावर शिकवणे की शिकवणी वर्ग काढणे, अशी झाली.

भरती पुन्हा सुरू झाली तेव्हा नियम नवे होते. डिसेंबर २०१३ पासून शिक्षक पात्रता परीक्षा आली. डिसेंबर २०१७ मध्ये शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी झाली आणि तिच्या गुणांवर ‘पवित्र’ या संगणकीय प्रणालीतून नेमणुका करण्याचे ठरले. या प्रणालीत उमेदवार शाळांचा पसंतीक्रम भरतो आणि यादी दोन प्रकारची असते : मुलाखतीशिवाय आणि मुलाखतीसह. जिल्हा परिषदा मुलाखतीशिवायच्या यादीत येतात. खाजगी अनुदानित संस्थांना मुलाखतीचा पर्याय आहे आणि त्यांच्याकडे एका जागेसाठी मर्यादित उमेदवार पाठवले जातात. जवळजवळ शतकभर बऱ्याच अंशी तोंडी, ओळखीने आणि संशयाने होत आलेली निवड अशा रीतीने एका पडद्यावरच्या दोन रकान्यांत आली. नवनियुक्ताला पहिली तीन वर्षे ‘शिक्षण सेवक’ म्हणून ठरावीक मानधनावर काढावी लागतात. जानेवारी २०२३ पासून हे मानधन प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये झाले. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना जुने निवृत्तिवेतन नाही, त्यामुळे दोन्ही प्रकारच्या शाळांचे जुने आकर्षण निम्म्याने कमी झाले. तरीही विनाअनुदानित इंग्रजी शाळेतील तुटपुंज्या पगाराशी तुलना करता उमेदवाराचा ओढा कुठे असणार, हे सांगायला नको.

हा प्रश्न केवळ इथलाच आहे असे नाही. जपानने १९८७ मध्ये आणि दक्षिण कोरियाने १९९५ मध्ये सरकारी शाळांत इंग्रजीसाठी परदेशी शिक्षक आणण्याच्या योजना सुरू केल्या, आणि तिथे जाणारा तरुणही सरकारी शाळा की खाजगी शिकवणी संस्था हाच विचार करतो. पण तिथे पालकांचे मूल सकाळी सरकारी शाळेत आणि संध्याकाळी खाजगी वर्गात अशा दोन्ही ठिकाणी असते, म्हणजे शिक्षकाची निवड मुलाला एका बाजूला टाकत नाही. नांदेड-लातुरात मूल एकाच शाळेत जाते, आणि शाळेची निवड हीच भाषेची आणि पुष्कळदा जातीवर्गाचीही निवड होते. गुणवत्ता परीक्षांतून निवडला गेलेला, प्रशिक्षित, इंग्रजीचा पदवीधर शिक्षक प्रशालेत शिकवतो, जिथे शेतमजुराची आणि ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाची मुले मराठीतून शिकतात. आणि त्या शिक्षकाचे स्वतःचे मूल बहुधा शहरातल्या इंग्रजी शाळेत असते, जिथे त्याला शिकवणारी व्यक्ती त्याच्या वडिलांपेक्षा कितीतरी कमी पगार घेते आणि पुढच्या अभियोग्यता चाचणीची वाट पाहते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत बदल करून असे ठरवले की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर विनाअनुदानित खाजगी शाळेला गरीब मुलांसाठी २५ टक्के राखीव जागा देण्याचे बंधन राहणार नाही. गरीब मुलांना जिल्हा परिषदेच्या शाळेत वळवण्याचा हा मार्ग होता आणि शिक्षकसंख्येच्या दृष्टीने त्याचा लाभ त्या शाळांना झालाही असता. परंतु पालक न्यायालयात गेले, मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात या बदलाला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी तो रद्द ठरवला. त्या उन्हाळ्यात प्रवेशाचे अर्ज भरणाऱ्या मजुरांना आणि फेरीवाल्यांना इंग्रजी माध्यमाची जागा हवी होती. त्याच वर्षी पवित्र प्रणालीतून नव्याने नेमणुका झालेले उमेदवार मात्र जिल्हा परिषदेच्या शाळांत रुजू होत होते, आणि आपल्याला किनवट मिळाले की अहमदपूर, हे त्यांच्या बोलण्यात इतर सर्व प्रश्नांच्या आधी येत होते.